उत्तर रोमन साम्राज्यातील सुवर्णनाण्याची ओळख : 'सॉलिडस'च्या अभ्यासाची पद्धती आणि तिचे ऐतिहासिक मोल

सारांश

इसवी सनाच्या चौथ्या आणि पाचव्या शतकांत रोमन साम्राज्याचे प्रमुख सुवर्णनाणे म्हणून 'सॉलिडस' प्रचलित होते. हे नाणे दिसावयास एकसारखे असल्याने ते ओळखताना एकाच नावाचे दोन किंवा तीन सम्राट, परस्परांची नक्कल करणाऱ्या टांकसाळी आणि साम्राज्याबाहेर पाडलेली अनुकरणे यांत गल्लत होते. प्रस्तुत लेखात वजन, कस, दर्शनी भागावरील प्रतिमा व लेख, मागील भागावरील चिन्हे आणि टांकसाळीच्या खुणा या क्रमाने नाण्याची ओळख कशी निश्चित करावी, याचे विवेचन केले आहे. दख्खन व दक्षिण भारतात सापडणाऱ्या अशा नाण्यांचा विचारही त्यात अंतर्भूत आहे.

बीजसंज्ञा : नाणकशास्त्र, सॉलिडस, टांकसाळ, नाणेनिधी, अनुकरण, कालनिश्चिती.

१. प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांमध्ये नाण्याचे स्थान वेगळे आहे. ग्रंथाची प्रत उतरवताना लेखनिक चुकू शकतो, शिलालेखाची अक्षरे झिजतात. नाणे मात्र ज्या राजवटीने पाडले तिचाच शब्द जसाच्या तसा आपल्यापर्यंत पोहोचवते. परंतु हा लाभ नाणे बरोबर ओळखले तरच मिळतो. उत्खननातील एखादा थर, एखादे दफन किंवा एखादा नाणेनिधी यांचा काळ बरेचदा त्यातील सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून ठरतो. ते एक नाणे चुकीच्या सम्राटाच्या नावे नोंदले गेले, तर संपूर्ण स्थळाचा काळ तीस-चाळीस वर्षांनी मागे किंवा पुढे सरकतो आणि त्यावर उभारलेली अनुमानेही डळमळीत होतात.

याचे बोलके उदाहरण बेल्जियममधील टूर्ने येथे मिळते. तेथे १६५३ मध्ये फ्रँक राजा चिल्डेरिक याची कबर उघडकीस आली. तीत शंभराच्या आसपास सुवर्णनाणी होती. त्यांतील सर्वांत अलीकडची नाणी सम्राट झेनो (४७४-४९१) याची होती, आणि राजाचा मृत्यू ४८१-४८२ च्या सुमारास झाला या मताला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. १८३१ मध्ये पॅरिसच्या ग्रंथालयातून या ठेव्याचा मोठा भाग चोरीस गेला व त्यातील बरेचसे सोने वितळवले गेले. आज अभ्यासकांना या ठेव्याविषयी जे ठाऊक आहे, ते मुख्यतः जाँ-जाक शिफ्ले याने १६५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सचित्र वर्णनामुळे. सोने गेले, परंतु नोंद राहिली. नाण्याची ओळख आणि नोंद यांचे मोल यावरून ध्यानात यावे.

२. सॉलिडसची निर्मिती आणि वजनमान

रोमन साम्राज्याच्या पहिल्या तीन शतकांत 'ऑरियस' हे सुवर्णनाणे चालत असे. ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंडातून ४० ऑरियस पाडले जात. नीरोने ६४ मध्ये हे प्रमाण ४५ केले, काराकाल्लाच्या काळात ते ५० झाले, आणि तिसऱ्या शतकाच्या अखेरीस डायोक्लेशियनने ते ६० वर आणले. म्हणजे नाणे तेच राहिले, परंतु त्यातील सोने उतरत गेले. तिसऱ्या शतकातील यादवी व चांदीच्या नाण्यांची झालेली दुर्दशा लक्षात घेता ही घसरण आश्चर्यकारक नाही.

या पार्श्वभूमीवर कॉन्स्टंटाईन पहिला याने ३०९-३१० च्या सुमारास ट्रियर येथे एका पौंडातून ७२ नाणी या प्रमाणाचे नवे नाणे पाडण्यास आरंभ केला. ३२४ मध्ये लिसिनियसचा पराभव झाल्यावर हे प्रमाण सर्व साम्राज्यात लागू झाले. 'सॉलिडस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'भरीव', 'घट्ट' असा होतो. रोमन पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा मानल्यास सॉलिडसचे सैद्धांतिक वजन ४.५४ ग्रॅम येते. प्रत्यक्षात चांगल्या स्थितीतील नाणी ४.४ ते ४.५ ग्रॅमची आढळतात. बायझंटाईन साम्राज्यात हे वजनमान अकराव्या शतकापर्यंत मूलतः टिकून राहिले. सात शतके टिकलेले असे दुसरे नाणे जगाच्या इतिहासात विरळाच.

एका सॉलिडसचे २४ 'सिलिका' मानले जात. सिलिका म्हणजे कॅरोब वृक्षाच्या शेंगेतील बी. ग्रीक भाषेत त्यास 'केराटिओन' म्हणत. आज सराफाच्या दुकानात उच्चारला जाणारा 'कॅरट' हा शब्द याच केराटिओनपासून आला, आणि शुद्ध सोने २४ कॅरटचे मानण्याची प्रथाही या २४ भागांच्या हिशेबाशी जोडली जाते. इंग्लंडच्या जुन्या चलनात शिलिंगसाठी वापरले जाणारे अक्षर सॉलिडसच्या नावातील पहिले अक्षर होते.

सॉलिडसच्या जोडीला त्याचे अंशही पाडले जात. अर्ध्या सॉलिडसला 'सेमिसिस' (सुमारे २.२५ ग्रॅम) आणि एक तृतीयांशास 'ट्रेमिसिस' (सुमारे १.५ ग्रॅम) म्हणत. ट्रेमिसिसचा आरंभ थिओडोसियस पहिला याच्या काळात, ३८० च्या दशकात झाला. त्याआधी सुमारे १.७ ग्रॅमचा नऊ सिलिकांचा एक छोटा अंश प्रचारात होता. त्यामुळे छोट्या नाण्याचे वजन १.५ आहे की १.७ ग्रॅम, एवढ्यावरूनही काळाचा पहिला अंदाज बांधता येतो.

३. ओळखीची पहिली पायरी : वजन, व्यास आणि कस

नाणे हाती आल्यावर त्यावरील लेख वाचण्याची घाई न करता प्रथम त्याचे वजन, व्यास आणि जाडी नोंदवावी. ऑरियस तुलनेने जाड व आटोपशीर असतो, तर सॉलिडस पातळ व पसरट असून त्याचा व्यास साधारणतः २० ते २१ मिलिमीटर भरतो. वजन ४.२ ग्रॅमहून कमी असेल तर कड कातरली आहे काय, छिद्र पाडले आहे काय, किंवा दागिन्याचा कडा काढून टाकल्याची खूण आहे काय, हे पाहणे आवश्यक ठरते. यांपैकी काहीच नसेल, तर नाण्याच्या अस्सलतेविषयी शंका घेण्यास जागा राहते.

सोन्याचा कस ठरवण्यासाठी नाण्यास इजा न पोहोचवणारी जुनी व सोपी पद्धत म्हणजे विशिष्ट गुरुत्वाची चाचणी. शुद्ध सोन्याची घनता १९.३ असते, चांदीची १०.५. समजा, ४.४५ ग्रॅमच्या नाण्यात ९७ टक्के सोने व ३ टक्के चांदी आहे. तर त्याची घनता सुमारे १८.८ येईल आणि पाण्यात बुडवून तोलल्यास त्याचे वजन ०.२३६ ग्रॅमने कमी भरेल. येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. पाण्यातील घट मोजताना केवळ ०.०१ ग्रॅमची चूक झाली, तरी घनता १८.१ किंवा १९.७ अशी येते; म्हणजे नाणे बरेच हिणकस किंवा शुद्ध सोन्याहूनही जड ठरते. म्हणून या चाचणीसाठी मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा काटाच हवा. क्ष-किरणांवर आधारित आधुनिक उपकरणे धातूंचे प्रमाण चटकन दाखवतात, परंतु ती मुख्यतः पृष्ठभागाचे वाचन करतात, हेही विसरता कामा नये. कसोटीच्या दगडावर नाणे घासणे मात्र कटाक्षाने टाळावे.

कसाचा काळाशीही संबंध आहे. चौथ्या शतकाच्या मध्यास सॉलिडसचा कस सुमारे ९५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. व्हॅलेंटिनियन पहिला आणि व्हॅलेन्स या बंधूंनी ३६६-३६८ च्या सुमारास सुधारणा केली. करापोटी जमा झालेली नाणी वितळवून, सोने शुद्ध करून मगच त्याची नवी नाणी पाडावीत, असा दंडक घातला गेला. यानंतर कस ९८ टक्क्यांच्या वर गेला आणि नाण्यांवर 'ओबी' ही दोन अक्षरे दिसू लागली. ती 'ओब्रिझियाकुम', म्हणजे 'शुद्ध केलेले सोने', या शब्दाचा संक्षेप होत. गंमत अशी की ग्रीक अंकपद्धतीत हीच दोन अक्षरे ७२ ही संख्या दर्शवतात. कस आणि वजनमान या दोहोंची हमी अशा रीतीने दोन अक्षरांत सामावली.

४. दर्शनी भाग : प्रतिमा आणि लेख

सॉलिडसच्या दर्शनी भागावर सम्राटाची अर्धप्रतिमा व तिच्याभोवती लॅटिन लेख असतो. पाचव्या शतकातील प्रतिमा व्यक्तिचित्रे नसून सम्राटपदाची चिन्हे आहेत. त्यामुळे चेहऱ्यावरून सम्राट ओळखण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. चौथ्या शतकात ज्युलियन (३६०-३६३) याची दाढी हा ठळक अपवाद होय. चेहऱ्याऐवजी वेश व मांडणी पाहावी. कॉन्स्टंटाईनच्या आरंभीच्या नाण्यांवर त्याच्या मस्तकी लॉरेल पानांची माळ दिसते. ३२४-३२५ नंतर तिची जागा रत्नजडित वा मोत्यांच्या पट्टीने घेतली. प्रतिमा बाजूने पाहणारी आहे की समोरून, हा पुढील प्रश्न. शिरस्त्राण घातलेली, खांद्यावर भाला टेकवलेली व ढाल धरलेली समोरासमोरची प्रतिमा कॉन्स्टन्शियस दुसरा (३३७-३६१) याच्या नाण्यांवर प्रथम रुळली आणि ३९५ नंतर आर्केडियसपासून पूर्वेकडील सॉलिडसचे ते ठरीव रूप बनले. पश्चिमेकडील टांकसाळींनी मात्र बाजूने पाहणारी प्रतिमाच बहुतांशी कायम ठेवली.

लेख वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, त्या काळच्या लॅटिन लिपीत 'यू'साठी स्वतंत्र अक्षर नव्हते. तेथे 'व्ही'च कोरले जाई. दोन, शब्द संक्षिप्त असत. आरंभीची 'डी एन' ही अक्षरे 'डोमिनुस नोस्टर', म्हणजे 'आमचे स्वामी', यांसाठी आहेत. शेवटच्या 'पी एफ ए व्ही जी' यांचा विस्तार 'पियुस फेलिक्स ऑगस्टस', म्हणजे 'धर्मनिष्ठ, भाग्यवान, सम्राट', असा होतो. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात 'पी एफ'च्या जागी 'पी पी' किंवा 'पर्प', म्हणजे 'पर्पेच्युस' अर्थात 'शाश्वत', हे विशेषण येते. लिओ पहिला व झेनो यांच्या नाण्यांवर ते नेहमी दिसते.

खरी अडचण समान नावांची आहे. व्हॅलेंटिनियन नावाचे तीन सम्राट झाले. त्यांपैकी दुसऱ्याच्या आरंभीच्या नाण्यांवर नावापुढे 'कनिष्ठ' या अर्थाचा 'युन' हा संक्षेप कोरलेला आहे, तर तिसऱ्याच्या पश्चिमेकडील नाण्यांवर नावाआधी 'प्ला' (प्लासिडस) ही अक्षरे येतात. परंतु कॉन्स्टँटिनोपल येथे या तिसऱ्या व्हॅलेंटिनियनच्या नावे पाडलेल्या नाण्यांवर 'प्ला' नसते. तेथे निवाडा मागील भागावरून करावा लागतो. राजस्त्रियांच्या नाण्यांतही असाच धोका आहे. आर्केडियसची पत्नी युडॉक्सिया आणि थिओडोसियस दुसरा याची पत्नी युडोसिया यांच्या नावांत लॅटिनमध्ये एकाच अक्षराचा फरक पडतो. झिजलेल्या नाण्यावर ते एक अक्षरच नेमके दगा देते.

५. मागील भाग : विजय, नवस आणि सहसम्राट

मागील भागावर विजयदेवता, सिंहासनस्थ रोम वा कॉन्स्टँटिनोपल नगरदेवता, अथवा बंदिवानावर पाय ठेवून उभा असलेला सम्राट यांपैकी एखादे दृश्य आढळते. ४२० नंतरच्या काही वर्षांत कॉन्स्टँटिनोपल येथे रत्नजडित लांब क्रूस हाती घेतलेली विजयदेवता अवतरली. व्हॅलेंटिनियन तिसरा याच्या रावेना येथील नाण्यांवर सम्राटाचा पाय मानवी मस्तकाच्या सर्पावर आहे. पुढे जस्टिन पहिला (५१८-५२७) याच्या कारकिर्दीत विजयदेवतेची जागा समोर पाहणाऱ्या देवदूताने घेतली. जुन्या देवता नव्या धर्माच्या चौकटीत हळूहळू कशा सामावल्या गेल्या, त्याचा हा धातूतील आलेख आहे.

दृश्याभोवतीच्या लेखात 'व्हिक्टोरिया' या शब्दानंतर 'ए व्ही जी' ही अक्षरे येतात. त्यांतील शेवटचे 'जी' जितक्या वेळा कोरलेले, तितके सम्राट एकाच वेळी सत्तेवर, असा मूळ संकेत होता. या संकेताचा राजकीय उपयोगही झाला. ४०७ मध्ये ब्रिटनमध्ये सैन्याने सम्राट म्हणून उभा केलेल्या कॉन्स्टंटाईन तिसरा याने आपल्या नाण्यांवर चार 'जी' कोरविले. होनोरियस, आर्केडियस व थिओडोसियस दुसरा यांच्या पंक्तीत त्याने स्वतःला आपण होऊन बसवले. होनोरियसची मान्यता त्याला ४०९ मध्ये मिळाली, नाण्यावरील दावा मात्र आधीचा आहे. उलट, पाचव्या शतकाच्या अखेरीस हा संकेत निर्जीव झाला. अनास्टेशियस (४९१-५१८) एकटाच राज्य करीत असतानाही त्याच्या नाण्यांवर तीन 'जी' आढळतात. म्हणून 'जी'ची संख्या चौथ्या शतकासाठी व पाचव्याच्या आरंभासाठी पुरावा ठरते, त्यानंतर नाही.

कालनिश्चितीस सर्वांत उपयुक्त ठरतात ते नवसाचे लेख. सम्राट दर पाच वा दहा वर्षांनी राज्याच्या क्षेमासाठी नवस बोलत व आधीचा फेडत असे. 'व्होट' या अक्षरांपुढील अंक फेडलेल्या नवसाचा आणि 'मुल्ट' पुढील अंक पुढे बोललेल्या नवसाचा असतो. हे विधी बरेचदा प्रत्यक्ष वर्ष पूर्ण होण्याआधीच उरकले जात, हे मात्र हिशेबात धरावे लागते.

६. टांकसाळीच्या खुणा

मागील भागाच्या तळाशी एका आडव्या रेषेखाली टांकसाळीची खूण असते. 'कॉनॉब' म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचे शुद्ध सोने. 'टेसॉब' थेस्सलोनिकाचे, 'अँटॉब' अँटिओकचे. पश्चिमेकडे 'कोमॉब' ही खूण रूढ झाली. तिचा संबंध दरबाराबरोबर फिरणाऱ्या खजिन्याच्या सुवर्णाधिकाऱ्याशी जोडला जातो. तेथे टांकसाळीचे नाव मध्यभागी, आकृतीच्या दोन्ही बाजूंस एकेका अक्षराने दर्शवले जाई : 'एम डी' मिलान, 'आर व्ही' रावेना, 'आर एम' रोम, 'टी आर' ट्रियर. कॉन्स्टँटिनोपलच्या नाण्यांवर लेखाच्या अखेरीस एक ग्रीक अक्षरही असते. ते टांकसाळीतील दहा विभागांपैकी एकाचा क्रमांक सांगते. मात्र 'कॉनॉब' ही खूण शुद्धतेची हमी म्हणून पुढे इतरत्रही कोरली गेली. त्यामुळे केवळ तेवढ्यावरून नाणे कॉन्स्टँटिनोपलचे ठरवणे धोक्याचे आहे. शैली व विभागाचे अक्षर यांची जोड हवी.

७. एक उदाहरण : कोणता थिओडोसियस?

वरील पायऱ्या एकत्र कशा काम करतात, हे एका परिचित प्रकारावरून स्पष्ट होईल. दर्शनी भागावर समोर पाहणारी, शिरस्त्राण व भाला असलेली प्रतिमा आणि 'डी एन थिओडोसियस पी एफ ए व्ही जी' हा लेख. मागील भागावर क्रूसयुक्त गोल हाती घेतलेली सिंहासनस्थ नगरदेवता, 'व्होट' तीस, 'मुल्ट' चाळीस व तळाशी 'कॉनॉब'. केवळ दर्शनी लेख वाचला, तर नाणे थिओडोसियस पहिला (३७९-३९५) याचे म्हणता येईल. लेख दोघांचाही तोच आहे. परंतु पहिल्याने अवघी सोळा वर्षे राज्य केले. त्याने तिसाव्या वर्षाचा नवस फेडणे शक्य नव्हते. समोरून पाहणारी प्रतिमाही पूर्वेकडे ३९५ नंतर रुळली. थिओडोसियस दुसरा ४०२ मध्ये बालवयातच सहसम्राट झाला; त्याच्या राज्याचे तिसावे वर्ष ४३१ मध्ये पडते आणि विधी आधी उरकण्याची प्रथा पाहता हा प्रकार ४३० च्या सुमारास सुरू झाला.

आता हेच नाणे एखाद्या निधीत सर्वांत अलीकडचे असेल, तर तो निधी ४३० पूर्वी पुरलेला असूच शकत नाही. चुकून पहिल्या थिओडोसियसचे नाव नोंदले गेले असते, तर निधी ३९५ च्या आधीचा समजण्याचा मोह झाला असता. या पस्तीस वर्षांत साम्राज्याची कायमची विभागणी, ४१० मधील रोमची लूट व ब्रिटनवरील ताबा सुटणे या घटना घडल्या. म्हणजे एका अक्षरमालेच्या चुकीच्या वाचनाने निधी एका युगातून दुसऱ्या युगात जातो.

याच प्रकारात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. हाच तीस-चाळीसचा नवस कॉन्स्टँटिनोपलने व्हॅलेंटिनियन तिसरा याच्या नावेही कोरला. त्याचे राज्य तर ४२५ मध्ये सुरू झाले होते. तसेच थिओडोसियसच्या राज्याचे बेचाळिसावे वर्ष व सतरावे कॉन्सलपद सांगणारा लेख ४४३ पासूनच्या ज्या नाण्यांवर आहे, तो राजस्त्रियांच्या नाण्यांवरही जसाच्या तसा उतरला आहे. अर्थात मागील भागावरील वर्षे नेहमी दर्शनी भागावरील व्यक्तीचीच असतात असे नाही. ती ज्येष्ठ सम्राटाची असतात.

८. अनुकरणे आणि बनावट नाणी

पाचव्या शतकात व्हिसिगॉथ, बर्गंडियन, फ्रँक व ऑस्ट्रोगॉथ राजांनी स्वतःच्या नावाऐवजी रोमन सम्राटाच्या नावेच सोने पाडले. ४७६ नंतर इटलीत ओडोएसरनेही झेनोचे नाव वापरले. लोकांचा विश्वास त्या नावावर होता, म्हणून हे घडले. अशी नाणी ओळखण्याची लक्षणे म्हणजे अडखळणारा लेख, उलटी अक्षरे, रेषामय आकृती व किंचित उतरलेला कस. सम्राट मेजोरियन याने ४५८ मध्ये काढलेल्या कायद्यात करवसुली करणाऱ्यांनी पूर्ण वजनाचे सॉलिडस नाकारू नये, मात्र 'गॉल' सॉलिडसचा अपवाद करावा, असे सांगितले; कारण त्यातील सोने कमी मोलाचे होते. समकालीन अनुकरण बनावट नसून स्वतंत्र ऐतिहासिक पुरावा असते, हे अभ्यासकाने विसरू नये.

आधुनिक बनावट नाणी निराळी. ओतीव नाण्यात कडेवर सांध्याची रेषा, बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे व बोथट अक्षरे दिसतात. ठोकून पाडलेल्या अस्सल नाण्यात धातू कडेकडे सरकल्याच्या रेषा असतात. तरीही निर्णय नेहमी सोपा नसतो. १७१३ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात सापडलेली, तिसऱ्या शतकाशी जोडली जाणारी 'स्पॉन्सियन' नावाची ओतीव सुवर्णनाणी दीर्घकाळ बनावट मानली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने झीज व मातीचे थर यांच्या आधारे ती अस्सल ठरवली. अनेक नाणकशास्त्रज्ञांनी मात्र हा निष्कर्ष स्वीकारलेला नाही. प्रयोगशाळेतील निरीक्षण आणि नाण्यावरील लेख, शैली व वजनमान यांचा अभ्यास यांपैकी एकच पुरेसा नाही, हा त्यातील बोध होय.

९. भारतीय संदर्भ

दक्षिण भारतातील रोमन सोने म्हटले की पहिल्या शतकातील ऑरियस आठवतात. परंतु सॉलिडसही येथे पोहोचले. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातील अक्की आलूर येथे मिळालेल्या निधीत थिओडोसियस दुसरा व त्याच्या नंतरच्या सम्राटांची नाणी होती. भारतात सापडणाऱ्या अनेक सॉलिडसवर दोन शेजारी छिद्रे असतात आणि ती बहुधा सम्राटाच्या मस्तकाच्या वर पाडलेली असतात, जेणेकरून ओवल्यावर प्रतिमा सरळ राहावी. पुतळ्यांची माळ पाहिलेल्या मराठी वाचकास या वापराचे नवल वाटणार नाही. येथे सुवर्णाची स्थानिक अनुकरणेही झाली. त्यांत आकृती ओळखू येते, पण लेख अक्षरांचा नुसता आभास असतो.

सहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा व्यापारी कोस्मास इंडिकोप्ल्युस्टेस याने श्रीलंकेच्या राजासमोर घडलेला एक प्रसंग सांगितला आहे. रोमन व इराणी व्यापाऱ्यांपैकी कोणाचा राजा थोर, या वादात सोपात्रस नावाच्या व्यापाऱ्याने दोन्ही राजांची नाणी पुढे ठेवली. सोन्याच्या रोमन नाण्यापुढे इराणी चांदी फिकी पडली. प्लिनीनेही रोमन नाण्यांवर प्रसन्न झालेल्या लंकेच्या राजाची अशीच कथा दिली असल्याने तिला शब्दशः इतिहास मानता येत नाही. परंतु सॉलिडसची कीर्ती समुद्रापार पोहोचली होती, एवढे त्यातून दिसते. हाच कोस्मास 'कालियाना' या भरभराटीच्या बंदराचा उल्लेख करतो व ते सामान्यतः मुंबईजवळील कल्याण मानले जाते.

भारतीय स्थळांवर सॉलिडसवरून काळ ठरवताना विशेष सावधगिरी हवी. दागिना झालेले नाणे पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहते; त्यामुळे ते थराची केवळ सर्वांत आधीची मर्यादा सांगते, नंतरची नाही.

असे नाणे जमिनीत सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यास कळवणे आवश्यक असते, आणि शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते. कायद्याइतकेच महत्त्व स्थळाच्या नोंदीला आहे. इंग्लंडमधील हॉक्सन येथे १९९२ मध्ये सापडलेल्या निधीतील ५६९ सॉलिडस व १४ हजारांहून अधिक चांदीची नाणी पुरातत्त्वज्ञांनी जागेवरच नोंदवून उचलली. त्यामुळे तो कोणत्या पेटीत, कसा रचून ठेवला होता हेही समजू शकले. सराफाच्या भट्टीत गेलेल्या नाण्याविषयी असे काहीही सांगता येत नाही.

१०. निष्कर्ष

१) सॉलिडसची ओळख वजन व कसापासून सुरू करावी, लेखवाचन त्यानंतर.

२) दर्शनी भागावरील नाव हा आरंभबिंदू आहे, अंतिम निर्णय नव्हे. समान नावांच्या सम्राटांतील भेद प्रतिमेची मांडणी व मागील भागावरील नवस यांवरून होतो.

३) 'जी'ची संख्या, 'कॉनॉब' खूण व नवसाचे अंक यांचा मूळ अर्थ कालांतराने शिथिल झाला, प्रत्येक खुणेचा पुरावा म्हणून विचार तिच्या काळाच्या मर्यादेतच करावा.

४) समकालीन अनुकरणे टाकाऊ नसून साम्राज्याबाहेरील समाजांच्या अर्थव्यवहाराची साधने आहेत.

५) वजन, व्यास, छिद्रे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे व सापडल्याचे नेमके स्थळ यांची नोंद नाण्याइतकीच मोलाची आहे. चिल्डेरिकच्या कबरीतील सोने बरेचसे नष्ट झाले, तरी त्याचा इतिहास उरला तो नोंदीमुळेच. दख्खनमध्ये यापुढे सापडणाऱ्या प्रत्येक सॉलिडसच्या बाबतीत ही दक्षता घेतली गेल्यास पाचव्या-सहाव्या शतकांतील पश्चिम किनाऱ्याच्या व्यापाराचे आज धूसर असलेले चित्र अधिक स्पष्ट होण्यास निश्चित साहाय्य होईल.